सोबत : वरीलप्रमाणे

परवा रात्री जेवणं आटोपून आरामात बसलो होतो, तेवढ्यात भाच्याचा फोन. रात्री साडेदहाला भाच्याचा फोन म्हणजे एक तर पैसे नाही तर पोटदुखी, असा आमच्या घराण्याचा अनुभव आहे. पण निघालं भलतंच.

"मामा, तुला सोप येतं ना रे?"

"अंघोळीचा की कपड्यांचा?"

"फालतू जोक नको. एक्सएमएलवालं."

मी उठून बसलो. गेल्या कित्येक वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. भाचा ज्या पिढीचा आहे ती पिढी जेसनवर वाढलेली. सोप म्हणजे त्यांच्या दृष्टीने माळ्यावरचा पितळी बंब. पण बंब अजून बऱ्याच घरांत आहेत! बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती, सगळीकडे आत कुठेतरी जुन्या सोप सेवा मुकाट चालू असतात आणि नव्या पोरांना कधी ना कधी त्यांच्याशी बोलावंच लागतं. भाच्याचं तसंच झालं होतं. समोरच्या सेवेकडून एक पीडीएफ यायची होती. उत्तर येत होतं, २०० येत होतं, एरर काही नाही. पण पीडीएफच्या जागी नुसता एक बारका टॅग, इन्क्लूड नावाचा. "फाईल कुठंय मामा? दोन दिवस झाले शोधतोय."

त्याला काय सांगितलं ते पुढे येईलच. पण फोन ठेवल्यावर मला झोप येईना, आणि त्याचं कारण भाच्याचा बग नव्हता. एक जुनी गोष्ट आठवली, जी मी इथे कधी लिहिली नाही. खरं तर कुणालाच धड सांगितलेली नाही. आज लिहून टाकतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. (आत्या आणि काकू, हे खास तुमच्यासाठी. बाकीच्यांनी पुढे सरकावं.) सोप म्हणजे दोन कॉम्प्युटरांनी एकमेकांना पत्र लिहायची पद्धत. पत्राच्या बाहेरच्या टॅगचं नावच एन्व्हलप, म्हणजे लिफाफा. आत मजकूर, तो एक्सएमएलमध्ये. सगळं अक्षरांत. आता अक्षरांच्या पत्रात फोटो कसा घालायचा? एक उपाय म्हणजे फोटोचीच अक्षरं करायची. त्याला बेस-६४ म्हणतात. फोटोतल्या दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणजे माल एक तृतीयांशाने फुगतो. छोट्या फोटोला ठीक आहे. वीस पानांच्या स्कॅनला नाही.

मग डिसेंबर २००० मध्ये 'सोप विथ अटॅचमेंट्स' आलं. पत्र वेगळं, फाईल वेगळी, दोन्ही एकाच पार्सलात. ईमेलमध्ये असते तशीच माइमची रचना. प्रत्येक भागाला एक नाव द्यायचं आणि पत्रात लिहायचं की अमुक नावाची वस्तू सोबत जोडली आहे. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टने डाइम नावाचा आपला वेगळा प्रकार काढला आणि मग स्वतःच सोडून दिला. शेवटी जानेवारी २००५ मध्ये एमटॉम हे प्रमाण ठरलं. तोवर जगभरात तिन्ही प्रकारांच्या सेवा लिहून झाल्या होत्या आणि एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. सोपमधला 'एस' म्हणजे 'सिंपल', असं सुरुवातीला सांगायचे. २००३ मध्ये १.२ आवृत्ती आली तेव्हा ते लांबलचक नावच काढून टाकलं. बरंच केलं म्हणायचं!

हे सगळं मला आमच्या आईमुळे फार पटकन कळलं होतं. आई गावाहून कुणाच्या हाती काही पाठवायची तेव्हा पिशवीत वर एक चिठ्ठी असायची. "सोबत डबे २, बरणी १, आंबाडीची जुडी १." आणि स्वारगेटला उतरल्यावर फोनवर तिचा पहिला प्रश्न, "डाग किती आले?" प्रवास कसा झाला हे नंतर. आधी डाग मोजायचे. चिठ्ठीतली यादी आणि हातातले डाग जुळले की मगच तिचा जीव खाली पडायचा.

तर गोष्ट २००६ सालची. आमची पुण्यातली एक लहानशी कंपनी. हॉस्पिटलांमधून आरोग्यविम्याचे दावे गोळा करायचे आणि विम्याचं काम बघणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या सोप सेवेला पाठवायचे, हे आमचं काम. दाव्याचा मजकूर लिफाफ्यात. बिलं, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेचे स्कॅन सोबत. क्लायंट मी लिहिला होता, जावात, अ‍ॅक्सिस वापरून. सुरुवातीलाच दोन दिवस खाल्ले होते त्याने. अटॅचमेंट जाईचना. शेवटी लॉग वरपासून वाचला तर अगदी आरंभी एक वॉर्निंग होती, की मेल आणि अ‍ॅक्टिव्हेशनच्या जार सापडत नाहीत, तेव्हा अटॅचमेंटची सोय बंद केली आहे. दोन जार फोल्डरमध्ये टाकल्या आणि गाडी चालू. वॉर्निंग कोण वाचतो हो!

सात-आठ महिने सगळं सुरळीत चाललं. मग आम्ही नवीन सर्व्हर घेतला. कोडला हात लावला नाही. जसाच्या तसा उचलून नव्या मशीनवर ठेवला. (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचे दहा दिवस मी ते जपासारखं म्हणत होतो.)

तिसऱ्या दिवशी समोरच्या कंपनीची मेल आली. काही कागद उघडत नाहीत. काही म्हणजे कुठले? तर स्कॅन केलेले. हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमधून निघालेले साधे टेक्स्टचे रिपोर्ट मात्र नीट. मी आमचे लॉग बघितले. प्रत्येक दाव्याला 'यशस्वी' असं उत्तर. शिवाय त्याच आठवड्यात त्यांनीही त्यांच्या बाजूला काहीतरी अपग्रेड केलं होतं. झालं! मी एक झकास मेल लिहिली. आमच्या कोडमध्ये काहीही बदल झालेला नाही, सर्व कॉल यशस्वी आहेत, कृपया आपल्याकडील अपग्रेड तपासावे. सीसीमध्ये दोन्हीकडचे साहेब.

आमच्या टीममध्ये तेव्हा एक मुलगी नवीन आली होती. कॉलेजमधून थेट. जेमतेम तीन महिने झाले असतील. बोलायची कमी. मी तिला टेस्टिंगच्या कामाला लावलं होतं. ती पाचव्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"सर, जाताना फाईल मोठी होतेय."

"अगं, होणारच. बेस-६४ मध्ये तीनाचे चार होतात. वाचलंयस ना?"

"हो सर. पण तीनाचे चार म्हणजे १०० केबीचे १३३ व्हायला हवेत. हे १८० होतायत."

मी स्क्रीनवरून मान न वळवता म्हणालो, "हेडर्स असतात, बाउंड्री असते. तू डॉक्युमेंटेशन वाच आधी."

ती "बरं सर" म्हणून गेली.

आता ज्यांना यातलं कळतं त्यांच्या लक्षात आलं असेल की माझं उत्तर दोनदा चूक होतं. एक तर हेडर आणि बाउंड्री मिळून फार तर शे-पाचशे बाइट. त्यातून ४७ केबी कुठून येणार? आणि दुसरं, आम्ही वापरत होतो त्या पद्धतीत फाईल बेस-६४ होऊन जातच नव्हती. ती जशीच्या तशी बायनरी जायला हवी होती. तीनाचे चार नाही, शंभराचे शंभर. हे मला माहीत होतं. क्लायंट मीच लिहिला होता! पण त्या क्षणी मला उत्तर शोधायचं नव्हतं, प्रश्न घालवायचा होता.

आठव्या दिवशी एक फोन आला. कुणीतरी हेल्पलाइनवरून चुकून आमच्याकडे जोडून दिला होता. बोलण्यावरून मराठवाड्यातले वाटले. निवृत्त शिक्षक असल्याचं त्यांनीच सांगितलं. बायकोचं ऑपरेशन झालं होतं. पैसे उसने घेऊन बिल भरलेलं आणि विम्याची रक्कम अडकलेली.

"साहेब, मी तीनदा कागद दिले. दवाखान्यातले म्हणतात आम्ही पाठवले. कंपनीवाले म्हणतात कागद वाचता येत नाहीत, परत द्या. एक्स-रे तर एकच असतो ना साहेब. चौथ्यांदा मी काय देऊ?"

माझ्याकडे त्यांच्या तिन्ही खेपांची नोंद होती. यशस्वी, यशस्वी, यशस्वी. मी म्हणालो, "गुरुजी, आमच्याकडून गेलंय सगळं. तिकडेच विचारा." ते म्हणाले, "सगळेच असं म्हणतात." आणि ठेवला. रागावून नाही. त्यांना ते उत्तर पाठ झालं होतं.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी पहिल्यांदा ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. अ‍ॅक्सिसबरोबर टीसीपीमॉन नावाचं एक छोटं हत्यार मिळायचं. आपला क्लायंट आणि समोरची सेवा यांच्या मधोमध ते बसवायचं. जाणारं-येणारं सगळं त्यातून जातं आणि जसंच्या तसं दिसतं. म्हणजे आपण काय पाठवलं असं आपल्याला वाटतं ते नाही, तर तारेवरून खरंच काय गेलं ते. टेस्ट सर्व्हरला एक जेपेग पाठवली आणि जे पकडलं ते हेक्स एडिटरमध्ये उघडलं.

जेपेगची सुरुवात ठरलेली असते. एफएफ, डी८, एफएफ. माझ्या फाईलची सुरुवात होती ईएफ, बीएफ, बीडी. मग परत ईएफ, बीएफ, बीडी. परत तेच. मध्येच 'जेएफआयएफ' ही चार अक्षरं शाबूत, आणि पुढे पुन्हा पानंच्या पानं ईएफ, बीएफ, बीडी.

मराठी ब्लॉगर मंडळींना हे तीन बाइट माहीत नसले तरी त्यांचं रूप नक्की माहीत आहे. काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह! यूटीएफ-८ वाचताना न समजणारा बाइट आला की त्याच्या जागी जे चिन्ह टाकतात, त्याचे हे तीन बाइट. एकदा ते पडलं की मूळ बाइट काय होता हे कुणीही सांगू शकत नाही. एकाचे तीन होतात. स्कॅनच्या फाईलमध्ये निम्म्याच्या आसपास बाइट असे असतात. म्हणूनच १०० चे १८०. आणि साध्या इंग्रजी टेक्स्टमध्ये असा बाइटच नसतो, म्हणून ते रिपोर्ट नीट.

कारण शोधायला मग दहा मिनिटं पुरली. फाईल वाचायला मी माझीच एक जुनी युटिलिटी वापरली होती. ती फाईल वाचून स्ट्रिंग परत द्यायची. पुढे त्या स्ट्रिंगचे परत बाइट करून अटॅचमेंट बनवायची. म्हणजे फोटोला मी उगाचच अक्षरांच्या रस्त्याने फिरवून आणत होतो. जुन्या सर्व्हरवर लोकेल लॅटिन-१ होतं. त्यात प्रत्येक बाइटला एक अक्षर ठरलेलं, त्यामुळे जाऊन-येऊन माल तोच. नवा सर्व्हर यूटीएफ-८ चा. तिथे रस्त्यात फोटो मेला. (जावा तेव्हा मशीनचं लोकेल बघून हे ठरवायची. २०२२ मध्ये जावा १८ पासून सगळीकडे यूटीएफ-८ हेच गृहीत धरतात. म्हणजे आज हाच कोड पहिल्याच दिवशी फुटला असता. तेच बरं.)

आणि आता गंमत ऐका. नव्या सर्व्हरवर यूटीएफ-८ हवं असा हट्ट कुणाचा होता? माझाच! जुन्या मशीनवर पेशंटची मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन छापली जायची आणि मला त्याचा फार राग यायचा. त्यासाठी मी सिस्टिमवाल्याशी भांडलो होतो. नावं वाचली आणि एक्स-रे गेले. कोड बदलला नव्हता हे खरंच होतं. कोड आधीपासूनच चूक होता.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती केली. दोन ओळींचं काम. फाईल थेट डेटा सोर्स म्हणून द्यायची, मधे स्ट्रिंग नाही. मग त्या दिवसांतले सगळे दावे पुन्हा पाठवले. मूळ स्कॅन आमच्याकडे होते म्हणून निभावलं. एक अजून गोष्ट आम्ही घातली आणि ती त्या मुलीने सुचवली. लिफाफ्यातच प्रत्येक फाईलचे बाइट किती आणि तिचा एमडी-५ काय हे लिहून पाठवायचं आणि समोरच्याने ते ताडून मगच 'यशस्वी' म्हणायचं. म्हणजे आईची चिठ्ठीच की ही! डबे २, बरणी १.

इथपर्यंत तशी ही नेहमीची बगची गोष्ट आहे. न सांगितलेला भाग पुढे आहे.

समोरच्या कंपनीला मी जी मेल लिहिली, ती माझ्याकडे आजही शब्दशः पाठ आहे. 'समस्येचे मूळ सापडले असून ती दूर करण्यात आली आहे.' सापडले. करण्यात आली आहे. कुणाची चूक ते नाही, कुणाला आधी दिसलं ते नाही. मराठीत काय आणि इंग्रजीत काय, हा प्रयोग कामाला येतो! आमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं, रात्री थांबून बग शोधला म्हणून. ती मुलगी समोरच बसली होती. मी "थँक यू सर" म्हणालो. मेल पाठवून अपग्रेडला दोष दिला होता त्या लोकांनाही मी कधी सॉरी म्हटलं नाही. गुरुजींचा दावा पुढे मंजूर झाला, हे मी यादीत बघितलं. त्यांना फोन मात्र केला नाही. काय सांगणार होतो?

वर्षभराने ती मुलगी दुसरीकडे गेली. निरोपाच्या दिवशी समोसे, केक, सगळं झालं. तेव्हाही बोललो नाही.

तिने पाचव्या दिवशी सांगितलं होतं. मी आठव्या दिवशी रात्री बघितलं. मधले तीन दिवस नुसते माझे नव्हते. त्या तीन दिवसांत किती जणांनी दवाखान्याच्या खिडकीशी उभं राहून "परत द्या" ऐकलं असेल, त्याची नोंद माझ्याकडे नाही. लॉगमध्ये सगळं यशस्वीच आहे.

असो. भाच्याला मी काय सांगितलं ते लिहितो, म्हणजे कुणाच्या उपयोगी पडेल. आधी तारेवर काय येतंय ते जसंच्या तसं बघ, लायब्ररी काय म्हणते ते नको. एचटीटीपीएस असेल तर क्लायंटचा लॉग चालू कर, पण टेस्टची फाईल वापर. लोकांचे खरे कागद लॉगमध्ये सांडू नकोस. टेस्टला टेक्स्ट फाईल घेऊ नकोस, ती काहीही सहन करते. पीएनजी घे. तिचे पहिले आठ बाइट मुद्दाम असे निवडलेत की रस्त्यात कुणी ओळीचे शेवट बदलले किंवा आठवा बिट कापला की लगेच कळावं. दोन्हीकडे बाइट मोज. आणि मुख्य म्हणजे डाग जुळव. पत्रातलं नाव आणि पार्सलवरचं नाव एकच आहे का बघ.

त्याचा घोळ तिथेच होता. त्याच्याकडे एमटॉम येत होतं. तो इन्क्लूड टॅग म्हणजे "वस्तू सोबत आहे" अशी चिठ्ठी. पार्सलवर नाव अँगल ब्रॅकेटमध्ये होतं आणि त्यात अ‍ॅटचं चिन्ह होतं. चिठ्ठीत ब्रॅकेट नव्हते (नसतातच) आणि अ‍ॅटच्या जागी टक्का-४० लिहिलं होतं. ते उलगडून घ्यायचं असतं. त्याचा कोड दोन्ही नावं तशीच ताडून बघत होता, म्हणून डबा हातात असून सापडत नव्हता.

"सुटलं मामा!" रात्री बाराला मेसेज. आणि खाली, "हे मूळ आमच्या टेस्टरने दाखवलं होतं रे, की नाव जुळत नाही. मीच म्हटलं फॉरमॅट तसाच असतो."

मी त्याला लिहिलं, "उद्या सकाळी पहिलं तिला सांग. सगळ्यांसमोर."

मग म्हटलं, भाच्याला सांगायला आपल्याला काय जातंय! तिचा नंबर एका जुन्या ग्रुपवर होता. काल लिहिलं. सगळं. १३३, १८०, हेडर्स, मीटिंग, "थँक यू सर". सॉरीही लिहिलं.

दुपारी उत्तर आलं. "सर, मला वाटलं होतं तुम्ही विसरलात. मी नव्हते विसरले. आता माझ्या हाताखाली नवीन मुलं आहेत. कुणी आकडा घेऊन आलं की मी खुर्ची फिरवून बसते."

त्यावर मी काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही. हे सगळं लिहून तिला लिंक पाठवतोय. सोबत, वरीलप्रमाणे.